डाग आणि थरथर यांचा मेळ घालणारे डॉ. शार्को

बेळगाव : एका डोळ्याला अचानक अंधुक दिसू लागतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. निपाणी-चिकोडीकडचा पेशंट आधी चष्म्याचा नंबर तपासतो, मग वातावर औषध घेतो. शेवटी बेळगाव, कोल्हापूर नाहीतर मिरजेला एमआरआय निघतो आणि मेंदूत पांढरे डाग दिसतात. निदान होतं मल्टिपल स्क्लेरोसिस. हा वेगळा आजार आहे, हे १८६८ मध्ये नीट मांडलं ते पॅरिसच्या डॉ. ज्याँ-मार्तँ शार्को यांनी.

शार्को यांचा जन्म १८२५ चा. वडील घोडागाड्या बनवायचे. १८६२ मध्ये ते साल्पेत्रिएर इस्पितळात रुजू झाले. ही जागा एकेकाळी बंदुकीच्या दारूचा कारखाना होती. पुढे तिथे हजारो गरीब, म्हाताऱ्या, आजारी बायका ठेवल्या गेल्या. नाव कमवायला कुणी तिकडे जात नसे. शार्को यांना मात्र तिथंच घबाड सापडलं. तोच पेशंट वर्षानुवर्षे पाहायचा, लक्षणं टिपायची, चित्रं काढायची आणि मृत्यूनंतर मेंदू, मज्जारज्जू उघडून बघायचा. त्या बायकांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

हात थरथरणारी एक बाई त्यांनी घरकामालाच ठेवली होती. ताटं-बशा फुटायच्या, तरी काढलं नाही, असं सांगतात. ती गेल्यावर मज्जासंस्थेत कडक झालेले डाग सापडले. असे डाग आधीही काहींनी पाहिले होते. शार्को यांनी ते जिवंतपणीच्या लक्षणांशी जुळवले. कंपवातात हात स्वस्थ असताना थरथरतो, इथं काही उचलायला गेलं की. वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं मज्जातंतूंवरचं आवरण जातं, आतली तार बऱ्याचदा शाबूत राहते, हेही त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

कारणाच्या बाबतीत मात्र ते चुकले. दुःख, मनस्ताप, ओलसर थंडी यांवर त्यांनी बोट ठेवलं. स्ट्रिक्नीनपासून सोन्याच्या क्षारापर्यंत औषधं वापरून पाहिली, उपयोग झाला नाही. उन्मादावरची त्यांची जाहीर व्याख्यानं तर प्रयोग कमी आणि तमाशा जास्त, अशी टीका झाली.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी प्रवासात त्यांचं निधन झालं. जिवंत माणसाच्या मेंदूतले हे डाग एमआरआयवर दिसायला १९८१ उजाडलं. आता डागाच्या मधोमध बारीक शीरही दिसते. रिंडफ्लाइश यांनी ती १८६३ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. आजार तिथूनच सुरू होतो का, याचा शोध चालू आहे. एपस्टाइन-बार विषाणूचा संबंध तर बराच पक्का झालाय. धूम्रपानाने धोका वाढतो, हेही तंबाखूच्या निपाणीत सांगायला हवं.