ज्यूलचा हिशेब आणि तापणारा लॅपटॉप

लॅपटॉपवर एखादा जड गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पंखा घोंघावू लागतो. कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका देते आणि थोड्या वेळाने पडद्यावरचे चित्र अडखळू लागते. यंत्र बिघडले, असा घरात समज होतो. बहुतेक वेळा ते बिघडलेले नसते. तारेतून वीज गेली की किती उष्णता निघते, याचा हिशेब एका तरुणाने १८४० साली इंग्लंडमध्ये मांडला होता. आजचा महागडा लॅपटॉपही त्या हिशेबाबाहेर जाऊ शकत नाही. त्या तरुणाचे नाव जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. शाळेच्या पुस्तकात हे नाव ऊर्जेचे एकक म्हणून भेटते, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये झाला. वडिलांचा बिअर तयार करण्याचा मोठा कारखाना होता, त्यामुळे घरात पैशांची ददात नव्हती. मुलाची प्रकृती मात्र नाजूक होती. पाठीच्या कण्याचे दुखणे लहानपणापासून मागे लागले आणि पाठीला किंचित बाक कायमचा राहिला. स्वभाव लाजाळू. शाळेत न घालता त्याला घरीच शिकवले गेले. १८३४पासून थोरल्या भावासोबत तो जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला जाऊ लागला. अणुसिद्धांत मांडणारे हेच ते डाल्टन. त्यांनी मुलांकडून आधी अंकगणित आणि भूमिती पक्की करून घेतली. १८३७ साली डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. ज्यूल विद्यापीठात कधीच शिकला नाही.

कारखान्यातले काम त्याची दुसरी शाळा ठरली. बिअर बनवताना तापमान थोडे चुकले तरी सगळा घाणा वाया जातो. थर्मामीटर नीट वाचण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी. कारखान्यातली वाफेची इंजिने काढून विजेच्या मोटारी बसवता येतील का, हा त्याचा पहिला प्रश्न होता आणि तो सरळ धंद्याचा होता. उत्तर निराशाजनक आले. त्या काळी वीज मिळायची बॅटरीतून आणि बॅटरीत जस्त खर्ची पडायचे. कोळशाच्या मानाने हे जस्त फारच महाग पडत होते. पण हिशेब करताना एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. विजेचा काही भाग कामाला न लागता तारा तापवण्यात जात होता. तो किती, हे त्याने मोजायचे ठरवले.

प्रयोग साधा होता. काचेच्या नळीवर तार गुंडाळायची, ती पाण्याच्या भांड्यात बुडवायची, वीज सोडायची आणि पाणी किती तापले ते पाहायचे. निष्कर्ष असा निघाला, की तारेचा रोध जितका जास्त तितकी उष्णता जास्त, आणि विद्युतधारा दुप्पट केली तर उष्णता चौपट. १८४०च्या अखेरीस त्याने हे रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा तो जवळजवळ २२ वर्षांचा होता. सोसायटीने फक्त छोटा सारांश छापला. संपूर्ण निबंध १८४१ साली दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इस्त्री, गिझर आणि विजेची शेगडी या नियमावर चालतात. लॅपटॉपला हाच नियम नको असतो, तरी पाळावा लागतो.

लॅपटॉपच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. ते प्रत्येक सेकंदाला प्रचंड वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज रोधातून जाऊन उष्णता होते. गेम खेळताना मुख्य प्रोसेसर आणि चित्र तयार करणारा प्रोसेसर, दोघांनाही एकाच वेळी राबावे लागते. समजा, लॅपटॉप १५० वॉट वीज घेतो आहे. म्हणजे सेकंदाला १५० ज्यूल ऊर्जा आत जाते, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. एवढी उष्णता जराही वाया न घालवता एक लिटर पाण्यात सोडली, तर ३० अंशांचे पाणी सुमारे ३३ मिनिटांत उकळू लागेल. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे गेम चालू असताना वहीएवढे यंत्र पूर्ण वाढ झालेल्या माणसापेक्षा जास्त उष्णता टाकत असते.

ही उष्णता येते कुठून, हा प्रश्न ज्यूलच्या काळात वादाचा होता. उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा अदृश्य प्रवाही पदार्थ असून तो निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे बहुतेक विद्वान मानत. ज्यूलचे आकडे वेगळेच सांगत होते. १८४३ साली त्याने कॉर्क येथील सभेत सांगितले, की यांत्रिक कामाचे रूपांतर ठरावीक प्रमाणात उष्णतेत होते. सभेने फारशी दखल घेतली नाही. मग त्याने पाण्यात फिरणारे वल्ह्यांचे चाक तयार केले. दोरीला टांगलेले वजन खाली उतरे, चाक फिरे, पाणी घुसळले जाई आणि किंचित तापे. ही वाढ इतकी सूक्ष्म होती, की अंशाचा दोनशेवा भाग आपल्याला वाचता येतो हा त्याचा दावा अनेकांना पटेना.

याच सुमारास दूर जावा बेटावर एक तरुण डॉक्टर वेगळ्याच वाटेने त्याच प्रश्नापाशी पोहोचला होता. जर्मनीचा ज्युलियस रॉबर्ट मायर डच जहाजावर वैद्य होता. १८४० साली खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना ते त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसले. उष्ण हवेत शरीराला ऊब टिकवायला कमी ऑक्सिजन लागतो, म्हणून शिरेतल्या रक्तात तो जास्त उरतो, असा अर्थ त्याने लावला. अन्न, काम आणि उष्णता ही एकाच गोष्टीची रूपे आहेत, असा विचार त्याने १८४२ साली प्रसिद्ध केला. श्रेय कोणाचे, यावरून पुढे कटू वाद झाला. मायरला मानसिक आजाराने ग्रासले आणि त्याने आत्महत्येचाही प्रयत्न केला. रॉयल सोसायटीचे कोपली पदक अखेर दोघांनाही मिळाले. ज्यूलला १८७० साली, मायरला त्याच्या पुढच्याच वर्षी.

ज्यूलचे नशीब उघडले ते १८४७ साली, ऑक्सफर्डच्या सभेत. थोडक्यात आटपा, अशी सूचना त्याला आधीच मिळाली होती. त्याचे बोलणे याही वेळी विरून गेले असते, पण विल्यम थॉमसन नावाच्या तरुण प्राध्यापकाला त्यातले महत्त्व जाणवले. हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. त्याच उन्हाळ्यात ज्यूलचे अमेलिया ग्राइम्सशी लग्न झाले. मधुचंद्रासाठी आल्प्समध्ये गेलेला ज्यूल हातात लांब थर्मामीटर घेऊन धबधब्याचे तापमान मोजायच्या तयारीत भेटला, अशी आठवण थॉमसन सांगत. दोघांनी मिळून १८५२पासून वायूंवर प्रयोग केले. दाबाखालचा वायू अरुंद वाटेने पसरू दिला की बहुतेक वायू थंड होतात, हे त्यांनी दाखवले. हवा आणि हेलियम द्रवरूप करण्यासाठी पुढे हाच परिणाम वापरला गेला. उष्णता मोजणाऱ्या माणसाने थंडावा निर्माण करण्यातही असा वाटा उचलला.

घरचे सुख मात्र टिकले नाही. १८५४ साली अमेलिया दोन लहान मुले मागे ठेवून गेली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. ज्यूल अधिकच एकाकी झाला, पण मोजणे सुटले नाही. १८६१ साली त्याने वाफ थंड पृष्ठभागावर कशी द्रवरूप होते यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये चिपजवळ तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यातले चमचाभराहूनही कमी द्रव गरम टोकाला वाफ होते, पंख्याजवळच्या थंड टोकाला पुन्हा द्रव होते आणि उष्णता तिथे सोडते. रक्त शरीराची उष्णता त्वचेपर्यंत आणते आणि घाम ती बाहेर टाकतो, तशीच ही व्यवस्था आहे.

म्हणून उपाय दोनच उरतात. उष्णता कमी निर्माण करणे आणि झालेली लवकर बाहेर घालवणे. गेममध्ये चित्रांचा वेग सेकंदाला ६० पर्यंत मर्यादित केला, चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला, तर चिपवरचा भार लगेच उतरतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, कारण हवा आत घेणारी खालची भोके बुजतात. टणक टेबलावर मागची बाजू थोडी उचलून ठेवावी. जाळीत साचलेली धूळ वेळोवेळी काढून घ्यावी. पंखा यंत्राला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. अनेक उत्पादक ३५ अंशांपर्यंतच्या खोलीतच वापर सुचवतात, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी गेम अडखळला तर नवल नाही. चिप जळू नये म्हणून ती स्वतःच वेग कमी करते. बर्फाची पिशवी खाली ठेवणे धोक्याचे, कारण आत दव साचून बिघाड होऊ शकतो.

तापलेला लॅपटॉप तासन् तास मांडीवर ठेवल्यास त्वचेवर तपकिरी जाळीसारखे डाग उठतात. पूर्वी शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर असेच डाग दिसत. चटका बसत नाही, वेदनाही होत नाही, म्हणून ते लक्षात येत नाहीत. डाग दिसू लागताच ऊब बंद केली तर बहुधा हळूहळू फिके होतात. वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले तर क्वचित त्या जागी कर्करोगही होऊ शकतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावे. मांडीवरच्या लॅपटॉपमुळे पुरुषांच्या वृषणांचे तापमान तासाभरात अडीच अंशांहून जास्त वाढते, असे २००४ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी हा भाग शरीरापेक्षा थंड राहावा लागतो. मूल हवे असलेल्या जोडप्यांनी ही सवय मोडलेली बरी.

ज्यूलने १८७८ साली, साठीच्या उंबरठ्यावर, वल्ह्यांच्या चाकाचा प्रयोग पुन्हा केला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती पौंडांचे वजन एक फूट खाली यावे लागते, याचे उत्तर त्याला ७७२.५५ मिळाले. आजचा आकडा ७७८च्या आसपास आहे, म्हणजे त्याची चूक शंभरात एकाहून कमी. तोवर प्रयोगांत बराच पैसा गेला होता आणि त्याच वर्षी सरकारने त्याला सालाना २०० पौंडांचे मानधन सुरू केले. १८८९च्या ऑगस्टअखेरीस पॅरिसच्या परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले. ११ ऑक्टोबरला सेल या गावी दीर्घ आजारानंतर तो वारला. तिथल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत त्याच्या थडग्यावरच्या दगडात ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.