हवेची वाट

डोंगर चढणाऱ्या माणसास माथ्याजवळ धाप लागते. कारण उंचावरील हवा विरळ असते. विमानाच्या इंजिनाचीही हीच गत होते. हवा अपुरी पडली की इंधन नीट जळत नाही व इंजिनाची शक्ती क्षीण होते. म्हणून इंजिनात हवा दाबून भरणारा एक पंखा बसवितात. त्यास सुपरचार्जर म्हणतात. त्याची रचना सुधारून कीर्तीस चढलेले शास्त्रज्ञ म्हणजे सर स्टॅन्ली हूकर.

हूकर यांचा जन्म १९०७ साली इंग्लंडमधील शीअरनेस येथे झाला. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. लंडन व ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण घेऊन १९३८ साली ते डर्बी येथील रोल्स-रॉइस कारखान्यात दाखल झाले. इंजिने बनविण्याचा अनुभव त्यांना नव्हता आणि कोणते ठरावीक कामही त्यांना नेमून दिलेले नव्हते.

परंतु स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरच्या चाचण्यांची टिपणे त्यांनी अभ्यासली व गणित मांडून पाहिले. हवा आत शिरण्याची वाट अडचणीची होती. तेथेच तिचा दाब वाया जात होता. पंख्याच्या रचनेतही उणिवा होत्या. मात्र अनुभवी तज्ज्ञांच्या कामातील दोष एका नवख्याने कसे दाखवावेत? तरीही हूकर यांनी आपले निष्कर्ष लिहून काढले. या विषयातील मुरलेले अभियंते जेम्स एलर यांनी ते वाचले. त्यांनी कमीपणा मानला नाही. उलट सुधारणेचे काम हूकर यांच्यावरच सोपविले.

लवकरच दुसरे महायुद्ध पेटले. जर्मनीची फॉक-वुल्फ १९० ही विमाने १९४१ साली ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना भारी पडू लागली. तेव्हा एकामागे एक दोन पंखे असलेले मर्लिन ६१ इंजिन उपयोगी आले. दाबलेली हवा तापते, म्हणून तीत हवा थंड करण्याचीही सोय होती. हे इंजिन बसविलेली स्पिटफायर विमाने १९४२ साली लढाईत उतरली व वैमानिकांना उंचावर बळ लाभले.

पुढे १९७१ साली रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले. निवृत्त झालेले हूकर परत आले आणि कारखान्याचे नवे जेट इंजिन त्यांनी मार्गी लावले. १९७४ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

आज घाट चढणाऱ्या कित्येक मालमोटारींच्या इंजिनांतही हवा दाबून भरतात. तेथेही हवेची वाट मोकळी असावी लागते. एलर यांच्यासारख्या थोरांनी मनाची वाट मोकळी ठेवली, म्हणूनच हूकर यांच्या बुद्धीला वाव मिळाला.