चालता नमुना दाखविणाऱ्या ग्रेस हॉपर

सॉफ्टवेअरचे काम हाती घेताना आधी शेकडो पानांचा आराखडा लिहावा, की कच्चा का होईना, पण चालणारा नमुना ग्राहकापुढे ठेवावा, हा वाद जुना आहे. रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांनी त्याचे उत्तर १९५० च्या दशकातच कृतीतून दिले होते.

न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी जन्मलेल्या ग्रेस यांनी सातव्या वर्षी घरातील गजराची घड्याळे खोलून पाहिली होती. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. महायुद्धाच्या काळात त्या नौदलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या 'मार्क वन' या संगणकावर रुजू झाल्या. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका मुख्यत्वे त्यांनीच लिहिली. तेव्हा लिखाणाचा कंटाळा म्हणून त्या नमुन्याकडे वळल्या, असे मुळीच नव्हे.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत आल्या. ती पुढे रेमिंग्टन रँडने विकत घेतली. १९५२ मध्ये 'ए-झिरो' हा कंपायलर सिद्ध झाल्यावर संगणकाला इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असे सांगून तो फेटाळण्यात आला.

हॉपर यांनी मग सहकाऱ्यांसह मोजक्या आज्ञांचा छोटा कंपायलर तयार करून वरिष्ठांपुढे चालवून दाखविला. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे केवळ खुणा, हे पटविण्यासाठी त्याच आज्ञा फ्रेंच व जर्मनमध्येही दिल्या. परिणाम उलटाच झाला. अमेरिकी यंत्राला परकी भाषा कळते, हे पाहून अधिकारी बिथरले. फक्त इंग्रजीच वापरली जाईल, अशी त्यांची समजूत घालण्यात काही महिने गेले.

वरवर फसलेल्या या प्रात्यक्षिकाचे मोल मोठे आहे. वरिष्ठांच्या मनातील गैरसमज नेमका कोठे आहे, हे त्यामुळे उघड झाले. कागदावरील प्रस्तावाला होकार किंवा नकार मिळतो. चालत्या नमुन्यामुळे त्यामागचे कारणही कळते, आणि तेही काम पुढे जाण्यापूर्वी.

याच प्रयत्नातून 'फ्लो-मॅटिक' ही भाषा साकारली. १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या 'कोबोल'चा ती मुख्य आधार ठरली. बँकांचे कितीतरी व्यवहार आजही कोबोलवर चालतात.

दाखवून पटविण्याची सवय हॉपर यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात किती अंतर कापतो, हे सांगण्यासाठी व्याख्यानात त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.