कॉर्नेलिया सोराबजी : न्यायमंदिराचें दार ठोठावणारी नाशिककन्या

जळगांवच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयावरून जातांना काळा डगला घातलेल्या वकील स्त्रिया आमच्या विद्यार्थिनींस नित्य दिसतात, आणि न्यायासनावर स्त्री बसलेली पाहून कोणास आश्चर्यही वाटत नाहीं. परंतु हें दृश्य आपोआप घडून आलेलें नाहीं. ज्या काळीं कायद्याचें दार स्त्रियांस सर्वस्वी बंद होतें, त्या काळीं तें ठोठावण्यास एक मुलगी पुढें आली. आणि ती आमच्या खानदेशाला लागून असलेल्या नाशिकांतच जन्मली होती. तिचें चरित्र आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी होते. मातुश्री फ्रान्सिना यांस एका इंग्रज दांपत्यानें वाढविलें होतें, व त्या पालक मातेचेंच नांव या कन्येस ठेवण्यांत आलें. फ्रान्सिनाबाईंनीं पुण्यांत व्हिक्टोरिया हायस्कूल काढून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांस एकत्र शिकविलें. या घरांत विद्या हेंच कन्यांचें स्त्रीधन होतें. पुढें ॲलिस ही भगिनी वैद्यक शिकून सरहद्दीवरील बन्नू येथें रुग्णसेवेस गेली, तर सुसी हिनें पुण्यांत सेंट हेलेना शाळा स्थापिली.

मातुश्रींकडे गाऱ्हाणीं घेऊन येणाऱ्या स्त्रियांत एक विधवा होती. विश्वासाच्या कारभाऱ्यानें फसवून तिची मालमत्ता बळकावली होती. परपुरुषासमोर येण्याची चाल नसल्यामुळें ती वकिलाकडे जाऊं शकत नव्हती, आणि स्त्री वकील तर देशांत एकही नव्हती. ही गोष्ट लहानग्या कॉर्नेलियेच्या मनांत कायमची घर करून राहिली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील त्या पहिल्या विद्यार्थिनी. सगळ्या वर्गांत एकटीनें बसणें ही सोपी गोष्ट नव्हती. तरी त्यांनीं परीक्षेंत वरचा क्रमांक मिळविला, व मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान त्यांस लाभला. त्या यशास विलायतेंत शिकण्यासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. परंतु ती स्त्रीस देतां येत नाहीं, असें ठरलें. परिश्रम तेच, गुण तेच, आणि निकाल मात्र निराळा! बाईंनीं हाय खाल्ली नाहीं. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी वाङ्मय शिकविलें. इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली. तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचाही हात होता. अशा रीतीनें १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजांत दाखल झाल्या. १८९२ सालीं तेथील बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री त्याच ठरल्या. परंतु ऑक्सफर्ड तेव्हां स्त्रियांस पदवी देत नसे. ती हातीं पडण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. एका पदवीसाठीं तीस वर्षें!

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं १८९७ सालीं मुंबईची एल्एल्. बी. व १८९९ सालीं अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरीही सनद मिळेना. मग त्यांनीं दुसरा मार्ग शोधिला. विधवा व अज्ञान वारस यांच्या जमीनदाऱ्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स हें सरकारी खातें सांभाळीत असे. त्यांतील पडदानशीन स्त्रियांची गाऱ्हाणीं पडद्याआड जाऊन ऐकण्यास एक जाणती स्त्री नेमावी, हा त्यांचा आग्रह अखेर मान्य झाला, व १९०४ सालीं बंगालांत त्यांची नेमणूक झाली. पुढें बिहार, ओरिसा व आसाम येथेंही त्यांस हिंडावें लागलें. कोणा विधवेस पोटगी मिळवून द्यावी, कोणा पोरक्या वारसाच्या शिक्षणाची तजवीज करावी, कोठें भाऊबंदकी मिटवावी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग होता. सहाशेंहून अधिक स्त्रिया व मुलें यांस त्यांचें साहाय्य झालें असें सांगतात. १९०९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें.

दार उघडण्यास आणखीही हात लागले. कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांचा अर्ज १९१६ सालीं व पाटण्याच्या सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज १९२१ सालीं हायकोर्टांनीं फेटाळला. परंतु १९२१ सालींच अलाहाबाद हायकोर्टानें कॉर्नेलियाबाईंस वकील म्हणून दाखल करून घेतलें, व १९२३ च्या कायद्यानें ही आडकाठी देशभर दूर झाली. तेव्हां बाईंचें वय सत्तावन्नाच्या घरांत होतें. त्यांनीं कलकत्त्यास वकिली आरंभिली. पण कायदा पालटला तरी माणसांचीं मनें लागलींच पालटत नाहींत, याचा अनुभव त्यांस तेथें आला.

चरित्र सांगतांना केवळ स्तुति करणें योग्य नव्हे. बाईंनीं गांधीजींच्या चळवळीस विरोध केला, आणि मिस मेयो यांच्या १९२७ सालच्या हिंदनिंदक पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळें त्या देशबांधवांस दुरावल्या, व इतर समाजसेविकांचें साहाय्यही त्यांनीं गमाविलें. हें त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं; परंतु एका चुकीपायीं सहाशें अनाथांचे अश्रु पुसणारे हात विसरणें हाही न्याय होणार नाहीं. शेवटचीं वर्षें त्यांनीं इंग्लंडांत काढिलीं, १९३४ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, आणि ६ जुलै १९५४ रोजीं लंडन येथें देह ठेविला.

त्या स्वतः न्यायाधीश झाल्या नाहींत. ती पायरी पुढच्यांनीं चढली. त्रावणकोरांत ॲना चंडी १९३७ सालीं मुनसफ व १९५९ सालीं केरळ हायकोर्टाच्या न्यायाधीश झाल्या. मुंबई हायकोर्टांत १९७८ सालीं सुजाता मनोहर, व सर्वोच्च न्यायालयांत १९८९ सालीं फातिमा बीवी या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या.

पालकजनहो, आपल्या गांवोगांवच्या किती माता अजून न वाचतांच कागदावर अंगठा उठवितात! आपली कन्या वकील होवो वा न होवो, घरचा सातबारा तिला वाचतां यावा, आणि सही करण्यापूर्वीं कागदांत काय लिहिलें आहे हें विचारण्याचें धैर्य तिच्या अंगीं यावें, एवढें तरी आपण पाहूं या. त्या फसविल्या गेलेल्या विधवेचें ऋण कॉर्नेलियाबाईंनीं जन्मभर फेडिलें; आमच्या वांट्याचें फेडण्यास आरंभ घरापासूनच होतो.