विश्लेषण : रेकॉर्ड कंपनीपुढे नमते न घेणाऱ्या केसरबाई केरकर... त्यांचा हट्ट आजच्या गायिकांना काय सांगतो?

अकोल्यातील जठारपेठेत राहणारी एखादी मुलगी बँडच्या पुढे माइक धरून उभी राहिली, की गाण्याआधी तिच्या कपड्यांची चर्चा होते. पुढे एखादी कंपनी करार घेऊन आली, तर कोणते गाणे गायचे, फोटो कसा काढायचा, नाव कसे छापायचे हे बहुधा दुसरेच कोणी ठरवते. हा प्रश्न रॉक संगीताबरोबर आला असे वाटते. प्रत्यक्षात तो ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. आपल्याकडे त्याला सर्वात ठाम उत्तर दिले ते गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी. त्यांच्या आयुष्याकडे या अंगाने पाहिले, तर त्यांच्या बहुचर्चित मानीपणाचा अर्थ वेगळा लागतो.

१९७७ हे वर्ष महत्त्वाचे का?

या वर्षी दोन घटना घडल्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत.

पहिली अमेरिकेतील. ‘हार्ट’ हा रॉक बँड अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या दोन सख्ख्या बहिणींच्या नावाने ओळखला जाई. अ‍ॅन मुख्य गायिका, नॅन्सी गिटारवर. त्यांचा पहिला अल्बम काढणाऱ्या ‘मशरूम रेकॉर्ड्स’ कंपनीने खप वाढवण्यासाठी एक जाहिरात दिली. दोघी बहिणींमध्ये शारीरिक संबंध असल्याचे तीत सूचित केले होते. पुढे एका कार्यक्रमानंतर एकाने अ‍ॅनला तिच्या प्रेयसीविषयी खवचटपणे विचारले. तो आपल्या बहिणीविषयी बोलतो आहे हे कळल्यावर संतापलेल्या अ‍ॅनने हॉटेलवर जाऊन ‘बॅराकुडा’ हे गाणे लिहिले. बँडने कंपनी सोडली. कंपनीने त्यांचे अर्धवट राहिलेले ध्वनिमुद्रण परस्पर बाजारात आणले आणि प्रकरण न्यायालयात गेले. तिथे त्या प्रती मागे घेण्याचा आदेश झाला. सुधारित अल्बम १९७८ मध्ये आला.

दुसरी घटना अंतराळातील. ‘नासा’ने २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७ रोजी ‘व्हॉयेजर’ याने सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पृथ्वीवरील संगीताचे २७ नमुने तीत आहेत. भारतातून निवडला गेलेला नमुना एकच, केसरबाईंची भैरवी. दुसरे यान सुटल्यानंतर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

विल्सन बहिणींकडे वकील होते, न्यायालय होते. केसरबाईंच्या उमेदीच्या काळात गायिकेच्या हाती एकच हत्यार होते, नकार.

केसरबाईंची जडणघडण कशी झाली?

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी, कलावंत समाजात झाला. देवळांच्या आश्रयाने गाणे-नाचणे जपणाऱ्या या समाजातील स्त्रियांचे गाणे सर्वांना हवे असे. त्यांना बरोबरीचा मान देण्याची मात्र कोणाची तयारी नसे. आठव्या वर्षी केसरबाईंना कोल्हापूरला नेण्यात आले. तिथे अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने तालीम झाली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन मिळाले. सोळाव्या वर्षी त्या आई आणि मामांसोबत मुंबईला आल्या. सतारवादक बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्यांनी शिक्षण घेतले. पण कुठेच सलग तालीम झाली नाही.

ती मिळाली १९२१ पासून, जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ यांच्याकडे. अनवट राग, पल्लेदार ताना आणि श्वासावर विलक्षण ताबा मागणारी ही गायकी. केसरबाईंनी सुमारे ११ वर्षे कठोर तालीम घेतली. १९३० च्या सुमारास त्या स्वतंत्रपणे मैफली करू लागल्या, तेव्हा वय चाळिशीकडे झुकले होते. तरीही खाँसाहेबांचे १९४६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे शिकणे चालूच राहिले. जी विद्या मिळवायला अर्धे आयुष्य गेले, ती कुणाच्या हाती किती द्यायची, याबाबत त्या काटेकोर का होत्या हे यावरून समजते.

तबकडीने गायिकांना काय दिले, काय घेतले?

‘ग्रामोफोन कंपनी’चे फ्रेड गायस्बर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आले आणि भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्या नोव्हेंबरात गाणाऱ्या गौहरजान या तबकडीयुगाच्या पहिल्या मोठ्या तारका ठरल्या. अनेक नामवंत उस्ताद या यंत्रापासून चार हात दूर राहिले. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना तर जाहीर गाण्याचीच मुभा नव्हती. त्यामुळे हा धंदा उभा राहिला तो मुख्यतः कलावंतीण आणि तवायफ घराण्यांतील गायिकांच्या आवाजावर.

त्यांना प्रसिद्धी मिळाली, पैसाही मिळाला. पण अटी कंपनीच्या होत्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर खुलणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा. बहुतेकांना मोबदला एकरकमी मिळे. मूळ मुद्रण कंपनीच्या मालकीचे. किती प्रती काढायच्या आणि कधी बंद करायच्या हे कंपनीच ठरवी.

लेबलवरची नावेही बोलकी होती. पुरुष गायकाच्या नावामागे प्रोफेसर, मास्टर, पंडित किंवा खाँसाहेब लागे. स्त्रीच्या नावाला बाई, जान किंवा मिस. काही गायिकांच्या नावापुढे ‘अ‍ॅमॅच्युअर’ असे छापले जाई. ही बाई पोटासाठी गात नाही, चांगल्या घरची आहे, असा त्याचा अर्थ. पुरुषाच्या लेबलवर त्याची विद्या छापली जाई आणि बाईच्या लेबलवर तिची सामाजिक पायरी. ‘हार्ट’च्या जाहिरातीची मुळे शोधायला सिएटलपर्यंत जाण्याची गरज नाही.

केसरबाईंनी कंपन्यांना कसे तोंड दिले?

केसरबाईंनी तबकडीवर बहिष्कार टाकला नाही. ‘एचएमव्ही’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ या दोन्ही कंपन्यांसाठी त्या गायल्या. पण काय गायचे यात तडजोड केली नाही. बाजारात नाट्यपदे आणि भावगीते तडाखेबंद खपत होती. केसरबाईंच्या तबकड्यांवर मात्र नटकामोद, ललितागौरी, जयजयवंती असे राग आहेत. तीन मिनिटांतही रागाचे पूर्ण रूप उभे करायचे आणि घराण्याची चाल सोडायची नाही, असा त्यांचा बाणा त्या मुद्रणांत ऐकू येतो. त्यांच्या नावाच्या मानाने या तबकड्या फार थोड्या आहेत.

रेडिओपासूनही त्यांनी अंतर राखले. कोण कुठे, कोणत्या अवस्थेत आपले गाणे ऐकेल याचा भरवसा नाही, हे त्यांना मान्य नव्हते, असे संगीतवर्तुळात सांगितले जाते. यामागे काळाचा संदर्भही आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर सरकारी रेडिओने, ज्यांचे खासगी आयुष्य बदनाम समजले जाई अशा कलावंतांना मज्जाव करण्याचे धोरण घेतले. ते कागदावर सर्वांसाठी होते. फटका बसला तो प्रामुख्याने परंपरेने गाणाऱ्या स्त्रियांना. त्यांच्या आश्रयदात्यांच्या चारित्र्याची चौकशी कुणी केली नाही.

त्यांना गर्विष्ठ का म्हटले गेले?

केसरबाईंची मैफल म्हणजे त्यांच्या अटी. बिदागी मोठी. फर्माईश चालत नसे. गाणे चालू असताना कुणी बोलले तर त्या खपवून घेत नसत. म्हणून तिरसट, गर्विष्ठ ही विशेषणे त्यांना कायमची चिकटली. त्याच काळातील बुजुर्ग उस्तादांच्या लहरींचे किस्से मात्र आजही कौतुकाने सांगितले जातात.

थोडा विचार केला तर दिसते, की ज्याला गर्व म्हटले गेले ते आजच्या भाषेत करारातील कलमे होती. मोबदला किती, कार्यक्रम कोणता, श्रोत्यांनी कसे वागायचे, मुद्रण होणार की नाही. कलावंत समाजातील स्त्रीने या गोष्टी स्वतः ठरवणे हीच तेव्हा अनेकांना खटकणारी बाब होती. त्यांच्या गाण्याची थोरवी मात्र नाकारता येण्यासारखी नव्हती. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गायनाचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांनी १९४८ मध्ये त्यांना ‘सूरश्री’ हा किताब दिला. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले.

या हट्टाची किंमत कोणी मोजली?

केसरबाईंना आदर्श मूर्ती करून चालणार नाही. आपल्या विद्येवर पहारा ठेवताना त्यांनी इतरांची वाटही अडवली. त्याच घराण्यातील, त्याच समाजातून आलेल्या मोगूबाई कुर्डीकर यांची तालीम वारंवार खंडित झाली. त्यामागे केसरबाई आणि त्यांच्या आश्रयदात्यांचा दबाव होता, असे अभ्यासक सांगतात. जागा एकच आहे असे व्यवस्थेने बायकांना पटवून दिले, की त्या एकमेकींच्या आड येतात. याचे भान ठेवले तरी मोगूबाईंनी जे सोसले ते कमी होत नाही.

दुसरी किंमत आपण मोजली. १९६३-६४ च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गाणे थांबवले. धोंडूताई कुलकर्णी या एकट्याच शिष्येला त्यांनी मनापासून विद्या दिली. ज्यांनी त्यांची मैफल ऐकली ते गेले. उरल्या त्या मोजक्या तबकड्या आणि काही खासगी मुद्रणे.

‘व्हॉयेजर’वर त्यांचे गाणे पोहोचले कसे?

कार्ल सेगन यांच्या समितीला संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची ‘जात कहां हो’ ही भैरवी सुचवली. अडचण अशी, की ती तबकडी बाजारातून केव्हाच गायब झाली होती. कंपनीच्या हिशेबात तिला गिऱ्हाईक नव्हते. शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मागच्या खोलीत एका टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ‘व्हॉयेजर-१’ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली आणि तो आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरला. तबकडीच्या एका बाजूच्या मापात बसवलेली ती साडेतीन मिनिटे अंतराळातल्या तबकडीतही सहज बसली.

आजच्या गायिकेच्या हाती काय आहे?

केसरबाईंकडे नसलेली एक गोष्ट आजच्या मुलीकडे आहे, ती म्हणजे कायदा. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकारांचे हक्क स्वतंत्रपणे मान्य झाले. त्यांची मुदत ५० वर्षांची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तीन महत्त्वाच्या गोष्टी जोडल्या. सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास कलाकाराला रॉयल्टीचा हक्क आहे. आपल्या सादरीकरणावर आपले नाव असावे, असा आग्रह ती धरू शकते. आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड कुणी केल्यास दाद मागता येते.

कायदा पुस्तकात असतो आणि करार टेबलावर. म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. मूळ मुद्रणाची मालकी कोणाची? मोबदला एकरकमी की रॉयल्टीसह? छायाचित्र आणि जाहिरातीला अंतिम मान्यता कोण देणार? कंपनीने गाणे बाजारातून काढले, तर ते पुन्हा प्रसिद्ध करण्याचा हक्क कुणाकडे? उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत, आणि कागद एखाद्या वकिलाला दाखवावा.

केरी गावात आज केसरबाईंच्या नावाची शाळा आहे. गोव्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत संमेलनही होते. त्यांच्या नावाने हार घालणे सोपे आहे. जठारपेठेतील मुलीने करार हातात घेऊन हे चार प्रश्न विचारले, तेव्हा तिला आगाऊ न म्हणणे अधिक अवघड आहे. केसरबाईंचे ऋण फेडायचे तर सुरुवात तिथून करावी लागेल.