लिटर की किलो? इंजिन ऑइलचं गणित आणि आवर्त सारणीवाला मेंडेलीव्ह

न्हावा शेवा बंदरातून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं खरं वजन आधी जाहीर करावं लागतं. १ जुलै २०१६ पासून हा जगभरचा नियम आहे. बंदरावरची मंडळी त्याला व्हीजीएम म्हणतात. कुठला कंटेनर खाली ठेवायचा आणि कुठला वर, हे त्या आकड्यावरून ठरतं. त्यामुळे तो चुकला तर गोष्ट फक्त कागदापुरती राहत नाही.

हा आकडा काढायचे दोन मार्ग आहेत. एक तर भरलेला कंटेनर थेट काट्यावर न्या, नाहीतर आतलं सामान, त्याचं पॅकिंग आणि रिकामा कंटेनर यांची वजनं जोडून बेरीज करा. दुसऱ्या मार्गासाठी एक छोटं फंक्शन मी लिहिलं होतं. माल होता इंजिन ऑइलचे ८० ड्रम, प्रत्येकी २१० लिटर. मी काय केलं, तर एक लिटर म्हणजे एक किलो धरलं. डोक्यात पाणी होतं! उत्तर आलं १६,८०० किलो. ड्रममधलं खरं तेल भरत होतं जेमतेम १४,८०० किलो. काट्यावर दोन टनांचा फरक दिसला, गाडी बाजूला लागली आणि ड्रायव्हरची रात्र केबिनमध्ये गेली. फोन अर्थातच मला आला.

चूक सातवी-आठवीतली होती. वस्तुमान म्हणजे आकारमान गुणिले घनता. पाण्याची घनता लिटरला साधारण १ किलो, तर इंजिन ऑइलची ०.८५ ते ०.८९ च्या आसपास. (जाता जाता: डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा वेटचा नाही, विंटरचा आहे. तो आकडा तेल किती घट्ट वाहतं ते सांगतो, किती जड आहे ते नाही. मीही बरेच दिवस उलटंच समजत होतो.)

चूक दुरुस्त करताना वाचत गेलो आणि एक ओळखीचं नाव भेटलं. दहावीच्या विज्ञानात आवर्त सारणीच्या धड्यात दाढीवाला फोटो असतो ना, तेच दिमित्री मेंडेलीव्ह. आपल्याला ते तेवढ्या एका तक्त्यापुरते माहीत असतात. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं एका साध्या प्रश्नात गेली: इतक्या जागेत मावणारी वस्तू किती जड, आणि इतकी जड वस्तू किती जागा घेते?

दिमित्रीचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ चा, सैबेरियातल्या तोबोल्स्क गावातला. घरात भावंडांची रांग, त्यात हा शेंडेफळ. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते, पण दिमित्री जन्मला त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि नोकरीही सुटली. मग आई मारिया माहेरचा काचेचा कारखाना चालवू लागली. त्या भट्टीच्या आसपास पोर वाढलं. १८४७ मध्ये वडील गेले, पुढच्याच वर्षी कारखाना जळाला.

इथे आईने जे केलं ते आजही वाचताना थांबायला होतं. धाकट्या मुलाला शिकवायचंच, म्हणून १८४९ मध्ये ती त्याला घेऊन सैबेरियातून निघाली आणि दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता कापून मॉस्कोला पोचली. तेव्हा त्या भागात रेल्वे नव्हती. मॉस्कोत प्रवेश मिळाला नाही, म्हणून पुढे सेंट पीटर्सबर्ग. तिथे १८५० मध्ये शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत त्याला प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी आई वारली. मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता.

१८५५ मध्ये पदवी घेऊन त्याने काही काळ दक्षिणेत शिक्षकी केली. १८५६ मध्ये मास्टर्सचा प्रबंध लिहिला, तो विशिष्ट आकारमानावर. म्हणजे आपल्या घनतेचं उलटं रूप: लिटरला किती किलो असं न विचारता, किलोला किती लिटर असं विचारायचं. आपला ड्रमचा प्रश्नही फिरवला तर हाच आहे. १,००० किलो तेल आहे, घनता ०.८८ आहे, तर जागा किती लागेल? १,००० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे १,१३६ लिटर. गुणायचं की भागायचं याचा गोंधळ झाला तर एवढं लक्षात ठेवा की तेलाचा लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा यायला हवा.

१८५९ ते १८६१ मेंडेलीव्ह जर्मनीत हायडेलबर्गला होते. तिथे राहत्या जागेतच त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि तापवल्यावर द्रव किती फुगतात ते मोजत बसले. त्यासाठी लागणारं एक उपकरण म्हणजे पिक्नोमीटर. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी असते: काचेची छोटी बाटली, जिच्यात नेमकं किती मावतं ते पक्कं माहीत असतं. रिकामी तोला, भरून तोला, वजाबाकी करा, आकारमानाने भागा, घनता हातात. मेंडेलीव्ह यांनी स्वतःच्या रचनेचा पिक्नोमीटर करून घेतला होता. काचेच्या कारखान्यातलं पोर ते, काचेच्या बाबतीत चोखंदळ असणारच.

पुढचा प्रबंध, डॉक्टरेटचा, १८६५ चा. विषय अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण. यावरून एक भन्नाट अफवा जगभर फिरते की व्होडका ४० टक्क्यांची असावी हे मेंडेलीव्ह यांनी ठरवलं. व्हॉट्सअॅपवर आली असेल तर फॉरवर्ड करू नका. रशियात तो ४० चा आकडा १८४३ मध्येच आला, तेव्हा साहेब नऊ वर्षांचे होते. प्रबंधातली खरी मजा वेगळीच आहे. एक लिटर अल्कोहोल आणि एक लिटर पाणी एकत्र केलं तर दोन लिटर भरत नाही, थोडं कमी भरतं. वजनं मात्र अगदी बरोबर जुळतात. लिटरची बेरीज दगा देऊ शकते, किलोची देत नाही. वेगवेगळी द्रव्यं एकत्र करणाऱ्या कारखान्यांत हिशेब वजनावर ठेवणं सोयीचं पडतं ते याचसाठी.

१८६९ मध्ये आवर्त सारणी आली. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती अणुभाराच्या क्रमाने लावताना त्यांनी काही घरं रिकामी सोडली आणि १८७१ मध्ये त्या रिकाम्या घरांत कोण येणार त्याची वर्णनंही दिली. त्यांना तात्पुरती नावं दिली एका-अॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हे एका म्हणजे संस्कृतातलं, आपलंच एक: अॅल्युमिनियमच्या खाली एक घर.

आता खरी गंमत. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्राँ यांना एक नवं मूलद्रव्य सापडलं, गॅलियम. त्यांनी घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्ह यांनी पीटर्सबर्गहून कळवलं की हे तर माझं एका-अॅल्युमिनियम, पण घनता ५.९ च्या जवळ हवी, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नाही तो माणूस, ज्याच्या हातात धातू आहे त्याला चूक सांगतोय! पुन्हा शुद्ध करून मोजलं, तर आलं ५.९. आवर्त सारणीवर जगाचा विश्वास बसायला ज्या गोष्टी कारण झाल्या त्यात ही घनतेची दुरुस्ती फार वरची आहे. शाळेत हा भाग कोणी का सांगत नाही कळत नाही.

हे सगळं चालू असताना त्यांचा दुसरा पाय तेलात होता. १८६३ मध्येच ते कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूला तेलाचा कारखाना बघायला गेले होते. १८७६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरी पाहिल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत तेल मोजायचे बॅरलने, ४२ गॅलनचं, म्हणजे सुमारे १५९ लिटरचं. ते झालं आकारमान. रशियात मोजायचे पूदने, १६.३८ किलोचा एक पूद. ते झालं वजन. दोन देशांच्या तेलाची तुलना करायची तर मध्ये घनता आलीच.

त्या काळात तेल म्हणजे मुख्यतः दिव्याचं रॉकेल. बाकूच्या तेलातून रॉकेल अमेरिकन तेलापेक्षा कमी निघे आणि खाली दाट गाळ जास्त उरे. तो बहुतेक जाळला जायचा किंवा फेकला जायचा. मेंडेलीव्ह यांचं म्हणणं होतं की यंत्रांना लागणारं वंगण याच गाळात आहे. १८८० च्या सुमारास ते व्होल्गा नदीवर, यारोस्लाव्हलजवळच्या रागोझिन यांच्या कारखान्यात स्वतः प्रयोग करत होते. तुमच्या बाइकमध्ये जातं ते खनिज इंजिन ऑइल आजही कच्च्या तेलाच्या त्याच जड भागातून येतं. म्हणून या माणसाला माझ्या ड्रमच्या गोष्टीत आणलं, ओढूनताणून नाही.

१८८४ मध्ये त्यांनी द्रवांच्या फुगण्याचं एक सोपं सूत्र मांडलं. तापमान वाढतं तशी द्रवाची घनता साधारण सरळ रेषेत उतरते. त्यांनी सुरुवात शून्य अंशापासून धरली होती. आपण तेलाच्या व्यापारातल्या १५ अंशांपासून धरू, ढोबळ हिशेबाला चालतं. इंजिन ऑइल दर अंशाला अंदाजे ०.०००७ पटीने फुगतं. १५ अंशांना घनता ०.८८ असेल, तर ४० अंशांना ती ०.८८ × (१ − ०.०००७ × २५), म्हणजे सुमारे ०.८६५ होते. मे महिन्यात यार्डात तापलेल्या कंटेनरमध्ये २१० लिटरच्या ड्रममधलं तेल यामुळे साडेतीन लिटरहून जास्त फुगू शकतं. ड्रम काठोकाठ भरत नाहीत ते उगाच नाही. वजन मात्र एक ग्रॅमही बदलत नाही.

तुम्हाला हे बंदरापुरतं वाटत असेल तर स्वयंपाकघरात या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल कंपन्यांना पाकिटावर तापमान लिहून लिटर सांगायला मनाई केली आणि वजनही खरं छापायला लावलं. कारण काही पाकिटांवर एक लिटर लिहिलेलं असायचं, पण ते ६० अंशांना! एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, तर ६० अंशांना सुमारे ८९३. पिशवीमागे २६ ग्रॅम गायब, आणि कागदावर खोटं काहीच नाही. घरातली पिशवी काढून बघा, लिटरशेजारी ग्रॅमही असतील.

पुन्हा मेंडेलीव्ह यांच्याकडे. १८८७ मध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला ते मॉस्कोजवळच्या क्लिन गावातून बलूनने जाणार होते, सोबत चालक होता. पावसाने बलून भिजून जड झाला आणि दोघांना उचलेना. त्रेपन्न वर्षांच्या प्रोफेसरांनी चालकाला उतरवलं आणि कधी बलून न चालवलेला माणूस एकटा वर गेला. सुखरूप उतरलेही.

सरकारशी मात्र त्यांचं नीट जमलं नाही. १८८० मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारलं. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचा मागण्यांचा अर्ज ते स्वतः शिक्षणमंत्र्यांकडे घेऊन गेले. अर्ज तसाच परत आला, आणि त्यांनी विद्यापीठ सोडलं.

मग १८९२ मध्ये त्यांना जी नोकरी मिळाली ती त्यांच्यासाठीच बेतल्यासारखी होती: देशाची प्रमाण वजनं सांभाळण्याची. पुढच्याच वर्षी त्या कचेरीचं वजन-माप मंडळ झालं आणि शेवटपर्यंत ते त्याचे प्रमुख राहिले. तराजू सुधारले, रशियन पौंडाचं नवं प्रमाण वजन घडवून घेतलं, बाजारातली वजनं-मापं तपासायची व्यवस्था उभी केली. मेट्रिक पद्धतीचा आग्रह ते १८६० च्या दशकापासून धरत होते. १८९९ च्या कायद्याने ती रशियात ऐच्छिक झाली. सक्तीची झाली १९१८ मध्ये, त्यांच्यानंतर.

आपल्याकडे हा कायदा १९५६ मध्ये आला. त्याआधी शेर मापाचाही असायचा आणि वजनाचाही. नुसता शेर म्हटलं तर कुठला, हे विचारावं लागे. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर पायली, अधोली, चिपटं यांचा हिशेब विचारून बघा, अर्धा तास आरामात जाईल.

१९०६ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मेंडेलीव्ह यांना मिळता मिळता राहिलं, ते मोआसाँ यांच्याकडे गेलं. २ फेब्रुवारी १९०७ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये ते वारले. १९५५ मध्ये घडवलेल्या १०१ व्या मूलद्रव्याला मेंडेलेव्हियम हे नाव दिलं गेलं. ते इतकं थोडं बनतं आणि इतक्या लवकर विरून जातं, की त्याची घनता पिक्नोमीटरने मोजायची सोयच नाही.

माझ्या फंक्शनमध्ये आता घनता आणि ती कुठल्या तापमानाची, ही दोन्ही खाणी सक्तीची आहेत. दोन्ही आकडे ऑइल कंपनीच्या डेटा शीटवर छापलेले असतात, बहुधा १५ अंशांचे. खाणं रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे जात नाही. पहिल्याच आठवड्यात एकाने तिथे १ टाकून पाहिलं, मग मी तेही अडवलं.