रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी आज इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी झगडून मिळविली असेल असे सहसा मनात येत नाही. तो झगडा करणारा पुरुष आपल्या ठाण्याचा आणि आपल्याच फुलमाळी ज्ञातीचा होता. नव्या पिढीस त्याची ओळख व्हावी म्हणून हे अल्पचरित्र सादर करीत आहोत.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यास एका गरीब कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. परिस्थितीमुळे शिक्षण बेताचेच झाले. रेल्वे व टपाल या खात्यांत नोकरी करून पुढे ते मुंबईस मांडवी येथील एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. जागा सुखाची होती. परंतु भोवतालचे हाल त्यांना पाहवेनात. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, जेवणास धड सवड नाही, पगाराचा नेम नाही, आठवड्याची सुट्टी नाही. १८८१ चा कारखाना कायदा मुख्यतः बालमजुरांपुरता होता.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी भारलेल्या नारायणरावांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' पत्राची धुरा घेतली. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन, अशा त्या मागण्या होत्या. त्यांत दयेची याचना नव्हती. थकलेल्या हातांकडून चांगले काम होत नाही, हे व्यवहारज्ञान त्यांत होते.

२४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेस जमले. दोन स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी ते झटले. १८९५ मध्ये सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ २००५ साली टपाल तिकीट निघाले.

आज आपल्यापैकी कित्येकांची ठाण्यात, कल्याणात दुकाने आहेत, डोंबिवलीत लहानमोठे कारखाने आहेत. काल जे मजूर होते त्यांची मुले आज मालक झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु आपल्या गाळ्यातील पोऱ्यास आठवड्याची सुट्टी आणि निवांत जेवण मिळते काय? पगार तारखेस होतो काय? बोट चिरले तर औषधाचा खर्च कोण करतो? नारायणरावांच्या तसबिरीस हार घालण्यापूर्वी प्रत्येक मालकाने या प्रश्नांची उत्तरे आपल्या हिशेबाच्या वहीत पाहावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.